रात्रीच्या बॉम्बफेकीत लक्ष्यावर खूण कशी पाडत? फ्लेअर, टार्गेट इंडिकेटर आणि पाथफाइंडर (१९४२-४५)

होकायंत्र

दुसऱ्या महायुद्धातल्या रात्रीच्या हवाई हल्ल्यांवर लिहिताना "आधी फ्लेअर टाकून लक्ष्य उजळलं" एवढ्या वाक्यात हा विषय उरकला जातो. पण उजेड पाडणं आणि खूण पाडणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि ब्रिटिश बॉम्बर कमांडला हा फरक कळायला दीड-दोन वर्षं लागली. त्यावर सविस्तर बोलू या.

गरज का पडली? ऑगस्ट १९४१ मध्ये डी. एम. बट यांनी विमानांतून रात्री काढलेले सहाशेहून जास्त फोटो तपासले. लक्ष्यावर बॉम्ब टाकल्याचं सांगणाऱ्या विमानांपैकी लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचलेली होती तीनातलं एक. जर्मनीतल्या रूरच्या औद्योगिक पट्ट्यात, जिथे कारखान्यांचा धूर कायम तळाशी बसलेला असे, हे प्रमाण दहात एक होतं. वैमानिक खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की आपण तिथेच होतो.

पहिला उपाय साधा होता, पॅराशूटवाले फ्लेअर. मॅग्नेशियमचा पांढरा झगझगीत उजेड हळूहळू खाली उतरतो, आणि त्या उजेडात नदीचं वळण, गोदी, रेल्वेयार्ड ओळखायचं. हवा स्वच्छ असली तर हे जमतं. धुरकट हवेत उजेड धुक्यावरून उलटा फिरतो आणि खाली दुधासारखा पडदा दिसतो. दुसरी अडचण बॉम्ब एमरच्या, म्हणजे नेम धरून बॉम्ब सोडणाऱ्याच्या, डोळ्यांची. तो विमानाच्या नाकात पालथा पडून खाली बघत असतो, फ्लेअर त्याच्याखाली जळत असतो, म्हणजे झोत थेट डोळ्यांत. म्हणून पुढे फ्लेअरवर दिव्याच्या शेडसारखी टोपी बसवली. उजेड खाली जाई, वरच्याला त्रास नसे.

१५ ऑगस्ट १९४२ ला पाथफाइंडर दल उभं राहिलं, पुढे जाऊन लक्ष्य शोधायचं आणि मागच्यांसाठी खूण पाडायची एवढंच काम असलेलं. प्रमुख डॉन बेनेट, मूळचे ऑस्ट्रेलियन, नेव्हिगेशनमधले पक्के जाणकार. पहिली मोहीम १८-१९ ऑगस्टच्या रात्री फ्लेन्सबुर्गवर, आणि ती पूर्ण फसली. वाऱ्याचा अंदाज चुकला, विमानं उत्तरेला वाहवत गेली आणि बॉम्ब डेन्मार्कच्या हद्दीत पडले. दल नवं, पण साधनं जुनीच होती. खास खुणेसाठी बनवलेला बॉम्ब अजून त्यांच्या हातात आला नव्हता.

दारूकाम

त्या बॉम्बविषयी मी लिहितो, कारण या विषयाचा गाभा तोच आहे.

आधीचे तात्पुरते प्रकार बघा. सप्टेंबर १९४२ मध्ये ड्युसेलडॉर्फवर 'पिंक पॅन्सी' वापरला गेला. ४,००० पौंडी बॉम्बच्या कवचात बेन्झॉल, रबर आणि फॉस्फरस भरलेला, वजन सुमारे २,८०० पौंड. पडला की गुलाबी ज्वाळेचा एक मोठा भडका. पण हे धूड नेऊ शकणारी विमानं मोजकी, आणि एका विमानात एकच मावणार. शिवाय शहर पेटलं की आगीत आग, आपली कुठली आणि घरांची कुठली ते कळेना.

खरा बदल झाला १६-१७ जानेवारी १९४३ ला, बर्लिनवरच्या हल्ल्यात. त्या रात्री २५० पौंडी टार्गेट इंडिकेटर, म्हणजे टीआय, पहिल्यांदा पडला. रचना अशी: पातळ पत्र्याचं कवच, आत फूटभर लांबीच्या ६० कांड्या, नाकात हवेच्या दाबावर चालणारा फ्यूज. ठरलेल्या उंचीला, बहुधा ३,००० फुटांवर, फ्यूज सुटतो, कवच उघडतं आणि पेटलेल्या साठ कांड्या एकदम बाहेर पडतात. वरून बघणाऱ्याला रंगीत धबधबा दिसतो, आणि जमिनीवर सुमारे १०० यार्ड व्यासाचा रंगीत गालिचा. १,५०० फुटांवर उघडला तर गालिचा ६० यार्डांचा. कांड्या साधारण तीन मिनिटं जळत. पुढच्या प्रकारांत काही कांड्या उशिरा पेटतील अशी सोय केली, म्हणजे खूण सात मिनिटांपर्यंत टिके. काहींत अधूनमधून स्फोटक कांड्या असत, विझवायला कोणी जवळ येऊ नये म्हणून.

रंगाचं रसायन आपल्या शोभेच्या दारूचंच. स्ट्रॉन्शियमचा लाल, बेरियमचा हिरवा, सोडियमचा पिवळा. दिवाळीतल्या रंगीत काडेपेटीत हेच क्षार असतात. जळत्या शहराचा रंग पिवळट-नारिंगी, म्हणून पिवळी खूण त्यात सर्वात लवकर हरवते. लाल आणि हिरवा उठून दिसतात.

जर्मन लोक या धबधब्याला 'क्रिस्टबाउम' म्हणत, नाताळचं झाड. ते डोक्यावर उमललं की तळघर गाठायला किती मिनिटं उरली आहेत हे तिथल्या लहान मुलांनाही कळत असे.

शंकासुर

दोन प्रश्न. हवेच्या दाबावर चालणारा फ्यूज का, घड्याळाचा का नाही? आणि खूण तीन मिनिटांत विझत असेल तर शेकडो विमानांना ती पुरणार कशी?

दारूकाम

फ्यूजचं आधी. घड्याळाचा फ्यूज सोडल्याच्या क्षणापासून सेकंद मोजतो. विमान ठरल्यापेक्षा हजार फूट वर असेल तर टीआयही तितक्याच वर उघडणार. दाबाच्या फ्यूजला विमान किती उंच होतं याच्याशी घेणंदेणं नसतं.

पण त्यालाही दोन गोष्टी अचूक सांगाव्या लागतात. एक, लक्ष्याची समुद्रसपाटीपासूनची उंची. म्युनिक सुमारे १,७०० फुटांवर आहे. जमिनीपासून ३,००० हवे असतील तर फ्यूज ४,७०० ला लावायचा. ही बेरीज विसरली तर टीआय १,३०० फुटांवरच उघडणार. दोन, लक्ष्यावरचा त्या वेळचा हवेचा दाब. तो हवामानखात्याच्या अंदाजातून येतो. एका मिलिबारला साधारण तीस फूट, म्हणजे दहा मिलिबारची चूक झाली की तीनशे फुटांचा फरक. उंच उघडला तर कांड्या वाऱ्याने पांगतात आणि जमिनीवर पोचेपर्यंत निम्मं आयुष्य संपलेलं असतं. खूप खाली उघडला तर ठिपका घट्ट पडतो, पण धबधबा क्षणभरच दिसतो आणि दूरच्या विमानांना पत्ता लागत नाही.

आणखी एक बाब. पातळ कवचाचा टीआय आणि जाड पोलादी बॉम्ब एकाच वेळी सोडले तरी एका जागी पडत नाहीत. त्यामुळे टीआयसाठी बॉम्बसाइटवर, म्हणजे नेम धरायच्या यंत्रावर, आकडेही वेगळे लावावे लागत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होकायंत्र देतील, ते ओबोशी जोडलेलं आहे.

होकायंत्र

हो. ओबो हे इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या दोन केंद्रांवर चालणारं रेडिओ-तंत्र. एका केंद्राला 'कॅट' म्हणत, दुसऱ्याला 'माउस'. कॅटपासून लक्ष्यापर्यंतचं अंतर ही त्रिज्या धरून एक वर्तुळ कल्पा. विमानाने त्या वर्तुळाच्या कमानीवरून उडायचं. आत सरकलं तर कानात टिंब, बाहेर सरकलं तर रेघा, बरोबर कमानीवर असलं तर सलग सूर. माउस त्याच वेळी विमानाचा वेग मोजत राहतो आणि सोडायचा क्षण आला की संकेत देतो. विमानातल्या माणसाने खाली बघायची गरजच नाही, ढग असोत वा धूर. चूक काहीशे यार्डांत राहत असे. १९४१ मध्ये पाच मैलांच्या गप्पा चालल्या होत्या, त्यामागून दीड वर्षात हे.

पहिला वापर २०-२१ डिसेंबर १९४२ ला, नेदरलँड्समधल्या लुटराडे वीजकेंद्रावर, सहा मॉस्किटो विमानांनी, हलक्या आणि उंच उडणाऱ्या.

मर्यादा दोन. रेडिओलहरी सरळ जातात आणि पृथ्वी वळते, त्यामुळे २८,००० फुटांवरच्या मॉस्किटोलाही पल्ला मिळे सुमारे २७० मैल. रूर त्यात बसतं, बर्लिन नाही. आणि सुरुवातीला केंद्रांची एक जोडी एका वेळी एकाच विमानाला सांभाळू शके. एका विमानाला कमानीवर दहा मिनिटं, म्हणजे तासाला सहा खुणा. टीआय जळणार तीन मिनिटं, फार तर सात. मधल्या वेळात लक्ष्य पूर्ण काळोखात.

ही फट भरायला 'बॅकर-अप' विमानं आली. ५-६ मार्च १९४३, एसेन. ४४२ विमानं निघाली. आठ ओबो मॉस्किटोंनी लाल टीआय टाकायचे. त्यांच्यामागून २२ जड पाथफाइंडर विमानांनी लालवर नेम धरून हिरवे टाकत राहायचं. लक्ष्याच्या पंधरा मैल अलीकडे वाटेवर पिवळे. मागच्या सगळ्यांना हुकूम असा की लाल दिसला तर लालवर, नाही तर हिरव्यावर. आठांपैकी तीन मॉस्किटो बिघाडामुळे परत फिरली, तरी हल्ला विस्कटला नाही, कारण हिरव्यांनी साखळी तुटू दिली नाही.

शंकासुर

म्हणजे हिरवा हा लालची नक्कल, आणि नंतरचा हिरवा आधीच्या हिरव्याची नक्कल? मग चूक वाढत जाणार की.

होकायंत्र

बरोबर बोट ठेवलंत. वाढतेच, आणि ती एकाच दिशेला वाढते. याला 'क्रीपबॅक' म्हणत. विमानविरोधी तोफांचा मारा चाललेला असताना बॉम्ब एमरला बटण दाबायची घाई होते. जो तो आगीच्या अलीकडच्या कडेवर टाकतो. पुढच्यासाठी तीच नवी कडा. अशी आग विमानं येतात त्या दिशेला मैलोनमैल मागे सरकत जाते. २४-२५ जुलै १९४३ ला हॅम्बुर्गवर ती सहा-सात मैल मागे गेली होती.

यावर उपाय दोन. बॅकर-अपने एकट्या-दुकट्या खुणेवर नेम न धरता जेवढ्या लाल खुणा दिसतात त्यांच्या मध्यावर धरायचा. आणि मुद्दाम एक-दोन सेकंद उशिरा सोडायचं. जमिनीवरचा वेग सेकंदाला शंभर मीटर धरला तर दोन सेकंद म्हणजे दोनशे मीटर पुढे. मूळ नेमबिंदूही खऱ्या लक्ष्याच्या पलीकडे ठेवत, मागे सरकणार हे गृहीत धरून. म्हणजे अलीकडच्या वस्त्यांवर बॉम्ब पडणार हे योजनेतच धरलेलं असे.

मेघमल्हार

तीन पद्धतींची नावं राहिली. न्यूहेवन म्हणजे फ्लेअरच्या उजेडात डोळ्यांनी बघून जमिनीवर खूण. पॅरामॅटा म्हणजे एचटूएस रडारवर (विमानातलं, खालच्या जमिनीचं चित्र दाखवणारं) बघून, डोळ्यांनी न बघता, जमिनीवर खूण. वँगनुई म्हणजे ढगांच्या वर, आकाशातच खूण. तिन्ही गावांची नावं, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधली. ओबोच्या मदतीने केलं तर आधी 'म्युझिकल' लावायचं.

एचटूएस पहिल्यांदा ३०-३१ जानेवारी १९४३ ला हॅम्बुर्गवर वापरलं. पडद्यावर पाणी काळं, वस्ती उजळ. हॅम्बुर्गला एल्ब नदी आणि बंदर असल्याने चित्र वाचता येई. बर्लिन पडद्यावर नुसता मोठा उजळ डाग, त्याचा मध्य कुठला ते ठरवणं कठीण.

मला जास्त लिहायचंय ते वँगनुईवर, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत.

समजा ढगांचा माथा १२,००० फुटांवर आहे. लाल फ्लेअर, त्यातून हिरवे तारे सुटताहेत, पॅराशूटवर ढगांच्या वर तरंगतोय. तुम्ही २०,००० फुटांवरून त्यावर नेम धरता. नेमाची रेषा फ्लेअरमधून पुढे ढगांत शिरते आणि पलीकडे जमिनीला भिडते. ती कुठे भिडेल हे तुम्ही कुठल्या दिशेने येता त्यावर ठरतं. उत्तरेकडून आलात तर फ्लेअरच्या दक्षिणेला, पूर्वेकडून आलात तर पश्चिमेला. म्हणून आकाशातल्या खुणेला दिशेचा हुकूम जोडलेला असे: अमुक अंशांवर सरळ उडतच बॉम्ब सोडायचा, आणि बॉम्बसाइटवर वारा शून्य लावायचा. शून्य का? फ्लेअर आणि विमान दोन्ही त्याच वाऱ्यात वाहताहेत, एकमेकांच्या हिशेबात वारा उरतच नाही. नेहमीच्या सवयीने खरा वारा लावला की नेम हमखास चुकणार.

आणि फ्लेअर एका जागी थांबत नाही. ताशी ४० मैलांच्या वाऱ्यात तो तीन मिनिटांत दोन मैल सरकतो. म्हणून तो वाऱ्याच्या वरच्या अंगाला सोडायचा, म्हणजे आयुष्याच्या मधल्या काळात तो योग्य जागेवरून जाईल. १९४३-४४ च्या हिवाळ्यात बर्लिनवर बहुतेक रात्री ढग होते. ओबो पोचत नाही, एचटूएसवर डाग, खूण आकाशात आणि वाऱ्याचा अंदाज कच्चा. एवढ्या चुका एकावर एक चढल्यावर बॉम्ब पांगले यात नवल नाही.

दारूकाम

जर्मनांच्या बाजूचंही सांगायला हवं. एसेनच्या क्रुप कारखान्याची एक खोटी प्रतिकृती त्यांनी वेल्बर्टजवळ उभारली होती, १९४१ पासून. रात्री तिथे दिवे आणि आगी लावत. टीआय आल्यावर त्यांनी रंगीत खुणाही नकली करायला सुरुवात केली. जमिनीवर लाल ज्वाळा पेटवणं सोपं. तो साठ कांड्यांचा धबधबा ठरलेल्या उंचीला, ठरलेल्या मिनिटाला घडवणं फार अवघड. त्यामुळे बॉम्ब एमरला शिकवण अशी की जमिनीवर दिसणाऱ्या रंगापेक्षा वरून पडताना दिसलेल्या खुणेवर भरवसा ठेवा. रंगांचा क्रमही मोहिमेगणिक बदलत.

सर्वसाक्षी

वरचं सगळं तंत्र समजून घेताना एक रात्र डोळ्यांसमोर ठेवावी असं मला कळकळीने वाटतं. १७-१८ ऑगस्ट १९४३, पेनेम्युंडे, जर्मन रॉकेटांचं संशोधनकेंद्र. ५९६ विमानं, चांदणी रात्र, तीन नेमबिंदू, आणि वर घिरट्या घालत रेडिओवरून सूचना देणारे मास्टर बॉम्बर जॉन सर्बी. 'रेड स्पॉट फायर' ही नवी खूणही होती, साठ कांड्यांऐवजी एकच गडद लाल ज्वाळा, सुमारे दहा मिनिटं टिकणारी.

सुरुवातीच्या काही खुणा दीड-दोन मैल दक्षिणेला पडल्या. तिथे ट्रासेनहाइडची छावणी होती, सक्तीने आणलेल्या परदेशी मजुरांची. चूक लवकर लक्षात आली, नव्या खुणा योग्य जागी पडल्या, सर्बींनी पुढच्यांना तिकडे वळवलं. तेवढ्या मिनिटांत छावणीतले पाचशेहून जास्त मजूर मेले होते. एकेकटं विमान चुकतं तेव्हा बॉम्ब शेतांत विखुरतात. खूण चुकते तेव्हा सगळी विमानं एकाच चुकीच्या जागी अचूक मारतात.

होकायंत्र

सर्वसाक्षी, म्हणूनच पुढचा टप्पा खाली उतरण्याचा होता. ८-९ फेब्रुवारी १९४४, फ्रान्समधलं लिमोज, विमान-इंजिनांचा कारखाना. लेनर्ड चेशर यांनी आधी तीन वेळा छपरांवरून विमान नेलं, आत काम करणाऱ्यांना, बहुतेक बाया, बाहेर पडता यावं म्हणून. चौथ्या फेरीला शंभरएक फुटांवरून आगलावे बॉम्ब थेट छपरांवर. बाकी ११ लँकास्टर या जड बॉम्बफेकी विमानांनी त्या खुणेवर नेम धरला. पुढे याच कामासाठी मॉस्किटो आणली, सूर मारून खूण टाकायची आणि वर निघून जायचं.

त्यातून बॉम्बर कमांडच्या पाचव्या ग्रूपने 'ऑफसेट' पद्धत काढली. लक्ष्यावरच खूण टाकली की पहिल्या बॉम्बांच्या धुराने ती झाकते किंवा उडून जाते. म्हणून खूण बाजूला, धूर येणार नाही अशा अंगाला टाकायची, आणि बॉम्बसाइटला खोटा वारा सांगायचा. हिशेब करून बघा. खूण लक्ष्यापासून ४०० यार्ड उत्तरेला, म्हणजे सुमारे ३६५ मीटर. २०,००० फुटांवरून बॉम्बला खाली यायला ३७ सेकंद. ३६५ भागिले ३७, सेकंदाला जवळपास १० मीटर, ताशी २२ मैल. खऱ्या वाऱ्यात लक्ष्याकडून खुणेकडे, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहणारा ताशी २२ मैलांचा वारा मिळवायचा आणि ती बेरीज साइटवर लावायची. आता नेम खुणेवर धरा, बॉम्ब ४०० यार्ड दक्षिणेला पडतील, विमान कुठल्याही दिशेने येवो. चिन्ह उलटं झालं तर मात्र बॉम्ब खुणेच्या पलीकडे, लक्ष्यापासून ८०० यार्डांवर.

सर्वसाक्षी

हीच पद्धत ११-१२ सप्टेंबर १९४४ ला डार्मश्टाटवर वापरली, हेही लिहा. खूण शहराबाहेरच्या घोडदळाच्या कवायतीच्या मैदानावर. तिथून पंख्याच्या काड्यांसारख्या वेगवेगळ्या दिशांनी विमानं गेली, प्रत्येकाने ठरलेले सेकंद मोजून बॉम्ब सोडले. सुमारे १२,००० माणसं मेली. लिमोजमध्ये जी अचूकता कामगार वाचवायला वापरली, तीच इथे एक शहर पूर्ण जाळायला.

होकायंत्र

मान्य. त्याच वर्षाची आणखी एक रात्र, ३-४ मे, मायी-ल-कां, फ्रान्समधला जर्मन रणगाड्यांचा तळ. खुणा बरोबर पडल्या होत्या. पण हल्ला सुरू करायचा निरोप देणारा रेडिओ अमेरिकन सैन्याच्या प्रसारणात बुडाला. लँकास्टर विमानं चांदण्यात पिवळ्या खुणेभोवती घिरट्या घालत वाट बघत राहिली आणि जर्मनांची रात्री लढणारी शिकारी विमानं त्यांच्यात शिरली. ३४६ पैकी ४२ लँकास्टर परतली नाहीत. खूण अचूक असून भागत नाही, ती दिसल्यापासून बॉम्ब सुटेपर्यंतचा वेळ कमीत कमी हवा.

शंकासुर

शेवटचा प्रश्न. काळोखात, ढगांवरून, धुरातून. बॉम्ब कुठे पडले हे नंतर कळायचं कसं? ते क्रीपबॅकचे सहा-सात मैल कोणी मोजले?

दारूकाम

फोटोंनी. बॉम्बसोबत एक फोटोफ्लॅश सुटतो आणि बॉम्ब जमिनीला भिडायच्या सुमारास हवेतच फुटतो. तोवर कॅमेऱ्याचं झाकण उघडं. विमानाने तो अर्धा मिनिट सरळ, समतल उडायचं, तोफा चालू असल्या तरी. झाकण उघडं असल्याने खालच्या आगी आणि टीआय फिल्मवर रेघा ओढत जातात. विमान वळलं असेल तर रेघा वाकतात, फोटोतल्या जागेचा मेळ लागत नाही. सरळ उडालं असेल तर फ्लॅशच्या क्षणी खालचे रस्ते, रुळांचे फाटे उमटतात, आणि नकाशावर एक ठिपका मारता येतो. दर विमानाचा एक ठिपका, असे शेकडो एका कागदावर. खूण जिथे होती तिथे दाट पुंजका, आणि त्याला विमानं आली त्या दिशेला लांबत गेलेली विरळ शेपटी.